बाकावरचा रँचर

चौथीच्या वर्गात मास्तरांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "तुझ्या टाळक्यात काही शिरायचं नाही. जा, गुरं राख." असं ते रोज कुणा ना कुणाला म्हणायचेच. पण अख्ख्या वर्गात मास्तरांचं ऐकणारा मी एकटाच निघालो. उठलो, पाटी काखेत मारली आणि गेलो, तो म्हातारा होईपर्यंत गुरांमागंच होतो.

गुरं माझी नव्हती. माणदेशातल्या एका बागायतदाराची खिलार जनावरं होती. मालक राहायचे कोल्हापुरात. सणासुदीला जीप घेऊन यायचे, नाकाला रुमाल लावून गोठ्याच्या दारात उभे राहायचे, "बरं आहे ना सगळं?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत जीपमध्ये बसायचे. कुठली गाय गाभण, कुठल्या वळूच्या मागून जायचं नाही, कोणतं खोंड यात्रेत न्यायचं आणि कोणतं दावणीला ठेवायचं, हे सगळं माझ्या शब्दावर चालायचं. गाव मला गडी म्हणायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. गडी म्हणजे काय ते गावालाही ठाऊक होतं आणि मलाही.

माझा मुलगा मात्र मास्तरांचं न ऐकणाऱ्यांतला. शिकला, पुण्याला गेला, तिथून अमेरिकेत सांता क्लाराला. दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात त्यानं मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आमची मंडळी आदल्या साली सुनेच्या बाळंतपणाला जाऊन आली होती. दोघांनी मिळून जायचं जमत नव्हतं, कारण दारात म्हैस होती आणि ती आम्हा दोघांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. "काय आहे तिथं बघण्यासारखं?" मी निघताना विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. सगळं पुसून ठेवलेलं असतं."

तिचं खरं होतं. सकाळी मुलगा आणि सून आपापल्या गाड्या काढून कामाला जायचे, नातवाला वाटेत डे-केअरमध्ये सोडायचे. घरात मी आणि फ्रिज. फ्रिज मधून मधून हुंकार द्यायचा, तेवढीच सोबत. एक दिवस त्यानं हुंकार दिला आणि मी "व्हय" म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं. तेव्हा मात्र चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

कोपऱ्यावर एक बाग होती. तिथं झाडाखालच्या लांब बाकावर आपल्याकडचे तिघं बसलेले दिसले. स्वेटर, कानटोपी आणि पायात पोराचे जुने बूट, म्हणजे आपलेच. एक पुण्याचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअरसाहेब. दुसरे नागपूरचे, बँकेत मॅनेजर होते. तिसरे मुंबईचे प्रोफेसर, ते बोलायचे कमी आणि डुलक्या जास्त घ्यायचे. इंजिनिअरसाहेब बाकाचे धनी होते. कुणी कुठं बसायचं ते न बोलता ठरायचं, आणि ठरवणारे ते.

"या, या," ते म्हणाले. "आपण कुठून रिटायर?"

"मी नाही अजून रिटायर."

"अरे वा. म्हणजे बिझनेस?"

"जनावरं."

"व्हेटर्नरी डॉक्टर?"

"नाही."

"मग डेअरी?"

"नाही. जनावरं सांभाळायची. खिलार."

"अच्छा," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

त्या 'अच्छा'त मला मास्तर दिसले. पुढं त्यांनी धरणाची गोष्ट सुरू केली, मॅनेजरसाहेबांनी कर्जवाटपाची, आणि मी बाकाच्या टोकाला बसून ऐकत राहिलो. मध्ये मी एखादी गायीची गोष्ट काढली की इंजिनिअरसाहेब घड्याळ बघायचे. दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. पण मी जाणार कुठं? त्या अख्ख्या गावात माझ्याशी मराठीत बोलणारा दिवसाउजेडी तेवढा एकच बाक होता. तो सुटला की उरलेले महिने मी आणि फ्रिज.

त्या बागेत गवत कापणारा एक मेक्सिकन होता. माझ्याच वयाच्या आसपासचा, मिशा भरघोस, डोक्यावर मोठी हॅट. यंत्रावर बसून येरझाऱ्या घालायचा. बाकावरचे लोक त्याच्याकडं बघायचे नाहीत, यंत्राचा आवाज मोठा झाला की तेवढ्यापुरते गप्प व्हायचे. एक दिवस तो यंत्र बंद करून पाणी प्यायला नळावर आला. त्याच्या पट्ट्याच्या बक्कलावर बैलाचं तोंड कोरलेलं होतं. मी ते दाखवलं, दोन बोटं डोक्याला लावली आणि छातीवर हात ठेवला. म्हणजे, मी याच्यातलाच.

तो हसला. दोन्ही हात पसरून त्यानं दाखवलं, एवढी शिंगं. मी त्याहून जास्त पसरले. त्यानं हॅट काढून ठेवली आणि आणखी पसरले. मग मी उठून उभा राहिलो, हात वर नेऊन मागं वळवले, कारण खिलाराची शिंगं नुसती लांब नसतात, ती मागं जातात आणि टोकाला पुन्हा वर येतात. तो बघतच राहिला. मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, "रांचेरो?" आणि स्वतःच्या छातीवर थाप मारून म्हणाला, "रांचेरो."

मी मान हलवली. शब्द कळला नव्हता, पण माणूस कळला होता.

रात्री जेवताना मुलाला विचारलं. तो म्हणाला, "स्पॅनिश आहे तात्या. रँच म्हणजे गुरांचं मोठं कुरण, घर, गोठे, सगळं मिळून. तिथला माणूस तो रांचेरो."

"मालक की गडी?"

"दोन्ही. ज्याचं रँच आहे तो पण रांचेरो आणि जो तिथं राबतो तो पण."

"आणि इंग्रजीत?"

"इंग्रजीत रँचर. पण तो सहसा मालकच असतो हं. कामाचा माणूस म्हणजे काउबॉय, नाहीतर रँच हँड."

"हँड म्हणजे हात ना?"

"हो."

"अख्ख्या माणसाला नुसता हात म्हणतात?"

"तात्या, मी नाही काढली भाषा."

सून हसायला लागली. मी मात्र आंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत होतो. आपल्याकडं किती बारकाई. धनी वेगळा, कारभारी वेगळा, सालगडी वेगळा, गुराखी वेगळा, आणि प्रत्येकाला बसायची जागा वेगळी. आणि या मेक्सिकन लोकांनी एका शब्दात सगळ्यांना बसवलं. मला तो शब्द आवडला. इंग्रजीतलं 'सहसा' माझ्या कानावर पडलं होतं, नाही असं नाही. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे.

दुसऱ्या दिवशी बाकावर जाऊन मी म्हणालो, "पहिल्या दिवशी तुम्ही विचारत होतात ना, मी कोण. मला तेव्हा इकडचा शब्द सापडत नव्हता. मी रँचर."

प्रोफेसर जागे झाले. इंजिनिअरसाहेबांनी चष्मा वर केला. "रँचर? म्हणजे ओनर?"

"रँचर म्हणजे रँचर."

"किती कॅटल आहे?"

आता ऐका. आमच्याकडं जनावरं मोजत नाहीत. दावणीला किती आहेत ते डोळ्यांना दिसतं, एक कमी असलं तर छातीत धस्स होतं, पण तोंडानं आकडा काढायचा नाही. दृष्ट लागते. मला लहानपणापासून ही सवय. तर मी जे खरं ते सांगितलं. "मोजली नाहीत कधी," म्हणालो. "मोजू नयेत."

मॅनेजरसाहेबांनी आयुष्य मोजण्यात घातलेलं. मोजता येत नाहीत एवढी जनावरं, असं त्यांच्या डोक्यात बसलं. ते हळूच म्हणाले, "आणि जमीन?"

"चरायला नजर पोचेल तिथपर्यंत आहे." तेही खरंच होतं. गायरान कुणाच्या बापाचं?

"आणि बघतं कोण सगळं? मॅनेजर ठेवलाय?"

"कोल्हापूरला एक जण असतात. येतात अधूनमधून जीप घेऊन, नाकाला रुमाल लावून बघून जातात."

"विश्वासू आहेत का?"

"काम काही करत नाहीत," मी म्हणालो, "पण चांगले आहेत."

इंजिनिअरसाहेब सरकले. खरोखर सरकले. स्वतःच्या शेजारी हातानं बाक झटकला आणि म्हणाले, "तिकडे टोकाला काय बसलाय, इकडे बसा की."

त्या दिवसापासून माझं बरं चाललं. मी एक शब्द खोटा बोलत नव्हतो, आणि ते एक शब्द खरा समजून घेत नव्हते. मी म्हणालो, यात्रेला निघालो की ढोल वाजायचे, तर त्यांनी मला मिरवणुकीत घोड्यावर बसवलं. ढोल खोंडापुढं वाजायचे, हे त्यांनी विचारलं नाही. मी म्हणालो, जीपमध्ये मी कधी बसलो नाही, मला चालायलाच आवडतं, तर प्रोफेसर म्हणाले, "बघा, खरा श्रीमंत माणूस साधा असतो." मग माझा सल्ला घेणं सुरू झालं. सुनेशी कसं वागावं, मॅनेजरसाहेबांच्या मुलानं घर घ्यावं की नाही, गुडघ्याला काय लावावं. गुडघ्याचं मी सांगितलं ते बैलाचं औषध होतं. त्यांना गुण आला.

एका शनिवारी मुलगा नातवाला घेऊन बागेत आला. गवतवाला मेक्सिकन त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. तो म्हणे आठवडाभर शहरात गवत कापतो आणि रविवारी डोंगरापलीकडं एका रँचवर घोड्यावरून गुरं बघतो. तिथला मालक म्हातारा आहे, स्वभावानं मोकळा आहे. तुझ्या वडिलांना घेऊन ये, त्यांना आवडेल. मुलानं मला सांगितलं, आणि ते इंजिनिअरसाहेबांनी ऐकलं.

"अरे, फँटास्टिक," ते म्हणाले. "आपण सगळेच जाऊ. आमच्या रँचरसाहेबांची अमेरिकन रँचरशी भेट घडवू. काय मॅनेजर?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "माझ्या मुलाची व्हॅन आहे ना. सात सीटर."

घरी आल्यावर मुलानं दार लावून घेतलं. "तात्या, तुम्ही यांना काय सांगितलंय? मॅनेजरकाका मला विचारत होते, एवढी इस्टेट सोडून तू इथं नोकरी का करतोस."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, इंटरेस्ट."

"बघ. तूही खोटं बोलला नाहीस."

"हसू नका. तिथं तो मालक सरळ विचारणार. सगळ्यांसमोर काय होईल? मग बाकावर कसे जाल तुम्ही? त्यापेक्षा कॅन्सल करू. तुम्ही आजारी पडा."

"मी आयुष्यात आजारी पडलो नाही, ते आता बाकाला घाबरून पडू?"

"तात्या, यार," तो म्हणाला. मला पहिल्यांदाच यार म्हणाला, म्हणजे खरोखर घाबरला होता. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. पण एकदा जाणार म्हटलं की जाणार. ही खोड मला बापाकडून आलेली आहे आणि मुलानंही ती घेतली आहे, फक्त तो तिला दुसरं काहीतरी म्हणतो.

रविवारी निघालो. गाडी डोंगर चढून पलीकडं उतरली आणि मी सरळ होऊन बसलो. वाळलेल्या गवताच्या पिवळ्या टेकड्या, मध्ये एखादं झाड, वर रखरखीत ऊन. पुसून ठेवलेलं काही नव्हतं. आमच्याकडचाच माळ, फक्त कुणीतरी दगड वेचून नेलेले. आणि माळावर काळी जनावरं. ठेंगणी, भरलेली आणि बिनशिंगाची. पागोटं घरी विसरून लग्नाला आल्यासारखी दिसत होती.

मालक फाटकापाशी आला. उंच, वाळका, हॅटखाली पांढरे केस. मागं आमचा गवतवाला घोड्यावर. बागेतला तो हाच, हे बाकावरच्या मंडळींना बऱ्याच वेळानं कळलं. यंत्रावर बसलेला असताना त्यांनी त्याचं तोंड कधी बघितलंच नव्हतं.

हात मिळवून झाले. इंजिनिअरसाहेबांनी पुढाकार घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, तो इंग्रजीत असला तरी मला कळला, कारण मलाही त्यांनी तोच विचारला होता. जनावरं किती?

मालकाचा चेहरा दार लावल्यासारखा झाला. तो काहीतरी तुटक बोलला. मुलगा माझ्या कानात म्हणाला, "म्हणतोय, थोडी इकडे आहेत, थोडी तिकडे." इंजिनिअरसाहेबांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं, वर जमीन किती तेही विचारलं. मालक हॅट काढून तिच्या आतल्या बाजूला बघायला लागला. गवतवाल्यानं घोडा दुसरीकडं वळवला.

मला हसू आवरेना. एवढा समुद्र ओलांडून आलो, आणि इथंही मोजत नाहीत. मी बोटं मोजल्यासारखी केली, मग तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. मुलाला म्हणालो, "सांग त्याला. आमच्यात पण जनावरांचा आकडा काढत नाहीत."

मुलानं सांगितलं. मालकानं हॅट डोक्यावर ठेवली, माझ्याकडं नीट बघितलं आणि पहिल्यांदा हसला. मुलगा म्हणाला, "तो म्हणतोय, इथं असा प्रश्न म्हणजे बँकेत किती ठेवलेत विचारल्यासारखं. तुमच्या वडिलांना रीत कळते म्हणतोय."

इंजिनिअरसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रँचरला रँचरच ओळखणार," ते म्हणाले. खूश होते. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मालकानं मलाच काहीतरी विचारलं, थेट, डोळ्यांत बघून. मुलगा माझ्याजवळ सरकला. मग मराठीत, हळू म्हणाला, "तात्या, तो विचारतोय की तिकडची जनावरं तुमची स्वतःची की दुसऱ्या कुणाची."

तिघंही माझ्याकडं बघत होते. प्रोफेसरसुद्धा जागे होते. इंग्रजी त्यांना माझ्या मुलाइतकंच येत होतं, म्हणजे मुलाला काही फिरवून सांगण्याची सोय नव्हती. मला होती. 'मोजू नयेत' तसं 'कुणाची ते विचारू नये' म्हणता आलं असतं. जीभ वळलीही होती. पण डोळ्यांसमोर आले ते नाकाला रुमाल लावलेले मालक. मी 'माझी' म्हणालो, तर त्या दावणीवरचा मी पुसला जाणार आणि तिथं उभे राहणार ते, रुमालासकट. ऐन थंडीत गाय अडली तेव्हा तिच्याजवळ मी बसलो होतो. ती रात्र मी त्यांच्या नावावर कशाला करू? बाकावर बसायला मिळावं म्हणून?

"दुसऱ्याची," मी म्हणालो. "पण मालकाला त्यातलं एकही जनावर ओळखत नव्हतं, हे पण सांग."

मुलानं सगळं सांगितलं. मालक एवढ्या मोठ्यानं हसला की जवळची दोन काळी जनावरं बिचकून मागं सरली. त्यानं गवतवाल्याला हाक मारली आणि माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, मग हा माझा पाहुणा नाही, तुझा."

आणि तशी वाटणी झाली. मालक बाकीच्यांना घेऊन घराच्या ओसरीवर गेला, सावलीत, गार सरबत प्यायला. मला गवतवाल्यानं फाटकातून आत घेतलं. रांजणाएवढ्या मोठ्या लोखंडी टाकीपाशी एक म्हातारी गाय उभी होती, तोंड पांढरं, अंग तांबडं. ती म्हणे आईविना बाटलीवर वाढवलेली, म्हणून माणसाला बुजत नाही. त्यानं ते सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. मी तिच्या बाजूनं गेलो, पुढून नाही. गळ्याखाली हात घातला. पोळीसारखी मऊ कातडी लोंबत होती ती खाजवली. तिनं मान लांब केली, डोळे मिटले आणि माझा स्वेटर चाटायला लागली. सूनबाईनं आणलेला, धुवायला अवघड असा स्वेटर होता.

ही जनावरं पुढं कुठं जातात ते मला ठाऊक होतं. बाजारातून जनावर कुठं जातं ते आमच्याकडंही सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. मी पण बोललो नाही. गवतवाला टाकीला टेकून उभा होता. "रांचेरो," तो म्हणाला. यावेळी विचारलं नाही, सांगितलं.

ओसरीवरून तिघं माझ्याकडं बघत होते. खुर्च्या चांगल्या दिसत होत्या. मी काही गेलो नाही.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये बऱ्याच वेळानं मॅनेजरसाहेब म्हणाले, "कसला तरी वास येतोय."

"माझा आहे," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मुलगा म्हणाला, "तात्या, आज राहू दे बाग." मी चपला घातल्या. बाकावर तिघं होते आणि मधे जागा नव्हती. मी जागा होईपर्यंत उभा राहिलो. प्रोफेसरांना अवघडल्यासारखं झालं, ते सरकले.

इंजिनिअरसाहेब समोर बघत म्हणाले, "तुम्ही आम्हाला फसवलंत."

"काय खोटं बोललो ते सांगा."

"तुम्ही रँचर म्हणालात."

"ते गवतवाला म्हणाला. त्याला विचारा."

"तुम्ही म्हणालात, मोजता येत नाहीत एवढी जनावरं आहेत."

"मोजू नयेत म्हणालो."

"कोल्हापूरला मॅनेजर आहे म्हणालात."

"मॅनेजर तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, एक जण असतात."

मॅनेजरसाहेबांच्या खांद्यांची हालचाल व्हायला लागली. हसू दाबत होते. म्हणाले, "काम काही करत नाहीत, असंही हे म्हणाले होते हो."

"तुम्ही थांबा," इंजिनिअरसाहेब त्यांना म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "प्रश्न शब्दाचा नाही. ओनर वेगळा आणि नोकर वेगळा."

"बरं," मी म्हणालो. "मग मला एक सांगा. ते धरण, ज्याची गोष्ट तुम्ही रोज सांगता, ते तुमचं होतं?"

"माझं कसं असेल? सरकारचं."

"मॅनेजरसाहेब, बँक?"

"छे हो."

"प्रोफेसर, कॉलेज?"

"संस्थाचालकांचं," प्रोफेसर म्हणाले. "आणि त्यांनाही नाकाला रुमाल लावायची सवय होती."

"मग आपण चौघं गडीच की," मी म्हणालो. "मी एकट्यानं का टोकाला बसायचं?"

मॅनेजरसाहेब आता उघड हसायला लागले. इंजिनिअरसाहेब उठून उभे राहिले. "मी क्लास वन ऑफिसर होतो," ते म्हणाले.

"असाल. क्लास वन गडी."

तेवढं मी बोलायला नको होतं असं घरी मुलगा म्हणाला. मला तसं वाटलं नाही, आणि अजून वाटत नाही. पण इंजिनिअरसाहेब गेले ते बाकावर परत आलेच नाहीत. त्यांची सून इंडियन ग्रोसरीत आमच्या सूनबाईला भेटली, म्हणाली, बाबा आता घरातच ट्रेडमिलवर चालतात. बाकावर जागा भरपूर झाली आणि गंमत कमी झाली. धरणाची गोष्ट मला तोंडपाठ होती, पण सांगणारा नव्हता. मॅनेजरसाहेब म्हणाले, "तुम्ही जाऊन बोला ना." मी म्हणालो, "उठून ते गेले." तिकडं तेही हेच म्हणत असणार. असे महिने गेले.

मी परत यायच्या आठवड्यात दारावरची बेल वाजली. दुपारची वेळ, घरात मी एकटा. उघडतो तर इंजिनिअरसाहेब. कानटोपी हातात. आत या म्हणालो तर आले, सोफ्याच्या कडेला बसले. पाणी दिलं, प्यायले. जाणार केव्हा, विमान कुठून, असलं काहीबाही विचारलं. मग म्हणाले, "ते तुमच्या मालकाला एकही जनावर ओळखत नव्हतं, ते खरं होतं का?"

"हाकेला मान वर करत नव्हतं."

"धरणाचं उद्घाटन झालं ना," ते म्हणाले, "ती गोष्ट मी बाकावर सांगायचो, पण एक सांगितलं नव्हतं. मंत्री आले होते. स्टेजवर खुर्च्यांची रांग होती. मला खुर्ची नव्हती."

"मग तुम्ही कुठं होता?"

"खाली. दरवाज्यांपाशी. त्यांनी वर बटण दाबलं की खाली आम्ही दरवाजे उचलायचे होते."

"आणि उचलले?"

"हो तर. पहिलं पाणी माझ्या अंगावर उडालं. सगळा सूट भिजला." ते सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. एवढ्या महिन्यांत धरणाची गोष्ट सांगताना तो तसा कधी झाला नव्हता.

"मग बरोबर जागेवर होता की," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ग्लास टेबलावर ठेवला, ग्लासाखाली ठेवायची ती गोल चकती असते, त्यावर नीट ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्या त्या शब्दात मी बसेन का हो?"

"रांचेरोत? त्याला जनावरं लागतात. पाणी चालत नाही."

"मग काय म्हणायचं मी स्वतःला?"

"क्लास वनच म्हणा," मी म्हणालो. "सवय आहे तुम्हाला."

ते उठले, कानटोपी घातली. मला वाटलं, पुन्हा गेले. पण दारात थांबून म्हणाले, "चला, घाला चपला. मॅनेजर एकटाच बसला असेल. तुम्ही गेल्यावर त्याला कर्जवाटपाशिवाय काही सुचायचं नाही."